गालिच्याची पाठ: एका संग्रहाच्या नव्या नोंदणीचे कामकाज

८ जानेवारी २०२४

संग्रहातील हातविणीचे गालिचे आणि सतरंज्या यांची नव्याने नोंदणी करण्याचे काम आजपासून सुरू झाले. जुनी नोंदवही सुवाच्य आणि नेटकी आहे, परंतु तिच्यात बहुतेक वस्तूंपुढे ‘इराणी, लाल, फुलांची वेल’ किंवा ‘तुर्की, मेहराबाचा’ एवढाच मजकूर आढळतो. अशा वर्णनावरून गालिचा ओळखता येतो, मात्र तो कुठे विणला गेला हे ठरवायला त्याचा उपयोग फार थोडा होतो, कारण गालिच्यातील सर्वांत जास्त प्रवास करणारी गोष्ट म्हणजे त्याची नक्षी. व्यापारी ती मागवतो, दरबार ती पाठवतो, आणि एका गावचा विणकर दुसऱ्या गावचा गालिचा समोर ठेवून ती उतरवून घेतो. गाठ मारण्याची रीत, बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, फेरे, सुताचा पीळ आणि काठ बांधण्याची पद्धत यांना मात्र लहानपणीच हाताला लागलेले वळण असते आणि मागणी बदलली म्हणून ते सहसा बदलत नाही.

म्हणून नव्या नोंदपत्रातील रकान्यांचा क्रम उलटा ठेवण्याचे ठरवले आहे. आधी रचना, मग साहित्य, त्यानंतर रंग, आणि नक्षी सर्वांत शेवटी. प्रदेशाचा रकाना हे सारे लिहून झाल्यावरच भरायचा. काही सहकाऱ्यांना हा क्रम अवघड वाटला, कारण गालिचा उलगडला की डोळा प्रथम नक्षीवरच जातो. परंतु नक्षी आधी लिहिली की प्रदेशाचे नाव मनात पक्के होते आणि पुढची सगळी मोजमापे त्या नावाला दुजोरा देण्यापुरतीच उरतात, असे मला वाटते आणि या मुद्द्यावर मी ठाम आहे.

संज्ञाही आजच नक्की केल्या. ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, गाठी मारून लव उभी केलेली असेल तरच त्या वस्तूला ‘गालिचा’ म्हणायचे. किलिम, सुमाक, दरी आणि सतरंजी हे सारे ‘सपाट वीण’ या विभागात येतील. नमदा विणलेला नसतो, तर लोकर भिजवून, दाबून आणि चोळून एकजीव केलेली असते, त्यामुळे नमद्यांची यादी वेगळी होईल.

११ जानेवारी

तपासणीची पद्धत आज सर्वांनी मिळून एका गालिच्यावर करून पाहिली. गालिचा उलटा पसरायचा, भिंगाखाली पाठ पाहायची, मग तो बाण्याच्या रेषेवर हलकेच वाकवून लवेच्या मुळाशी असलेली गाठ उघडी करायची आणि तिची जात ठरवायची.

गाठींच्या मुख्य जाती दोन. सममित गाठीत लोकरीचा धागा ताण्याच्या शेजारशेजारच्या दोन धाग्यांवरून आडवा जातो, दोन्ही बाजूंनी मागे वळतो आणि त्याची दोन्ही टोके त्या दोन धाग्यांच्या मधल्या फटीतून एकत्र वर येतात. असममित गाठीत धागा ताण्याच्या एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालतो, दुसऱ्याच्या नुसता मागून जातो आणि त्याची टोके दोन वेगवेगळ्या फटींतून बाहेर पडतात. ही गाठ डावीकडे उघडी आहे की उजवीकडे, हेही लिहायचे आहे, कारण काही समाजांत ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. पहिल्या गाठीला व्यापारात तुर्की आणि दुसरीला फारसी म्हणतात, तरी नोंदपत्रात ही नावे वापरायची नाहीत. तब्रीझ, हेरिझ, हमदान आणि बिजार ही सारी ठिकाणे इराणची असूनही तेथे सममित गाठच मारली जाते. ‘फारसी गाठ’ असे लिहिले की वाचणारा ती इराणभर शोधू लागेल.

आणखी दोन रीतींसाठी रकाने ठेवले आहेत. जुफ्ती गाठ दोनऐवजी चार धाग्यांवर मारतात. तिने श्रम निम्मे होतात आणि लव विरळ पडते. खोरासानच्या गालिच्यांत ती वारंवार भेटते. तिबेटी रीतीत धागा ताण्याबरोबरच एका आडव्या सळीवरून फिरवत नेतात आणि ओळ पूर्ण झाल्यावर सळीवरचे वेढे कापून लव मोकळी करतात.

लवेचा कल पाहणे हे सर्वांत सोपे काम आहे, पण जुन्या नोंदवहीत ते एकदाही केलेले नाही. विणकर गाठ मारून धागा खाली ओढतो आणि कापतो, त्यामुळे लव नेहमी विणीच्या सुरुवातीच्या टोकाकडे झुकते. तळहात फिरवला की गालिचा कोणत्या बाजूने सुरू झाला ते कळते. मेहराबाचे काही गालिचे उलट्या दिशेने, म्हणजे कमानीच्या शेंड्याकडून, विणलेले असतात आणि ते ओळखण्याचा हाच मार्ग आहे.

गाठींची मोजणी रुंदीत आणि उंचीत दर १० सेंटिमीटरला करायची. ताण्याचे धागे एका पातळीत असतील तर पाठीवर प्रत्येक गाठीचे दोन उंचवटे दिसतात. एक धागा दुसऱ्याच्या मागे पूर्ण दडलेला असेल तर एकच दिसतो. हे न पाहता मोजले तर संख्या थेट दुप्पट किंवा निम्मी होते, म्हणून ताण्याची पातळी मोजणीच्या आधीच लिहिली पाहिजे.

सममित गाठ किती जुनी आहे याची कल्पना सर्वांना यावी म्हणून पाझिरिकच्या गालिच्याची माहिती वाचून दाखवली. अल्ताई पर्वतातील एका गोठलेल्या थडग्यात सेर्गेई रुदेन्को यांना तो १९४९ मध्ये सापडला आणि आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. त्याचा आकार सुमारे १८३ गुणिले २०० सेंटिमीटर आणि त्यात दर चौरस डेसिमीटरला सुमारे ३,६०० सममित गाठी आहेत. ख्रिस्तपूर्व पाचव्या ते तिसऱ्या शतकांदरम्यानची ही वस्तू इतकी सफाईदार आहे की तिच्यामागे विणकामाची कित्येक शतके असली पाहिजेत. तरीही ती कोणी विणली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रचना पुष्कळ सांगते, परंतु तुलनेला दुसरी वस्तू हाती नसेल तर तीही एका मर्यादेपुढे जात नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१९ जानेवारी

अनातोलिया आणि कॉकेशस येथील गालिच्यांची तपासणी झाली. या गटात फारसे अडले नाही. गाठ सर्वत्र सममित आहे आणि गावाकडच्या गालिच्यांत ताणा, बाणा व लव तिन्ही लोकरीची. कझाक प्रकारात लव उंच, नक्षी मोठी आणि ठसठशीत, ताणा एका पातळीत आणि प्रत्येक ओळीनंतर लाल रंगवलेल्या बाण्याचे दोन किंवा अधिक फेरे असतात. त्यामुळे गालिचा मऊ पडतो आणि अंथरूण म्हणूनही वापरता येतो. थंड डोंगराळ भागातल्या माणसाने असाच गालिचा विणावा हे स्वाभाविक आहे. कास्पियन समुद्राकडच्या शिरवानमध्ये लव आखूड कापतात, गाठी बारीक असतात आणि नक्षी दाट भरलेली असते. ज्या दोन गालिच्यांपुढे नोंदवहीत नुसते ‘रशियन’ लिहिले होते, त्यांतला एक कझाक आणि दुसरा शिरवान निघाला.

पश्चिम अनातोलियातील उशाक परिसरात विणलेल्या काही जुन्या नक्षींना आजही लोत्तो आणि होल्बाइन या युरोपीय चित्रकारांची नावे आहेत, कारण त्यांच्या चित्रांत असे गालिचे मेजांवर आणि सिंहासनांखाली पसरलेले दिसतात. चित्राची तारीख ठाऊक असल्यामुळे गालिच्याचा काळ ठरवायला त्यांची मदत झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्यांनी ते विणले त्यांच्याऐवजी ज्यांनी ते रंगवले त्यांच्या नावाने गालिचे ओळखले जावेत, याची मला खंत वाटते. याहूनही जुने, तेराव्या शतकाच्या आसपासचे सेल्जुक गालिचे कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशात आले आणि आता ते इस्तंबूलच्या संग्रहालयात जतन केलेले आहेत. त्यांच्या किनारीत कुफी लिपीच्या वळणाची मोठी कोनाकार अक्षरचिन्हे आहेत, आणि तीच किनार पुढे कित्येक शतके कॉकेशसपर्यंत वेगवेगळ्या रूपांत उतरत राहिली.

२ फेब्रुवारी

इराणी गट सर्वांत मोठा असून त्याला सर्वाधिक वेळ लागणार, हे उघड होते. आज त्यांपैकी दोन गालिचे शेजारी शेजारी उलटे पसरले. समोरून पाहता दोघांवर हेरातीची नक्षी, म्हणजे चौकटीच्या चारही बाजूंना वळलेली लांब पाने आणि मध्ये फूल, आणि जमीन दोघांचीही गडद निळी. नोंदवहीने साहजिकच दोघांना एकाच वाक्यात गुंडाळले होते.

पहिल्याच्या पाठीवर ताणा सुती व पांढरा, दोन्ही धागे एका पातळीत, गाठ सममित, रुंदीत दर १० सेंटिमीटरला २६ आणि उंचीत ३०. महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच फेरा आहे. एकच फेरा असल्यामुळे तो एका ओळीत ताण्याचे सम धागे झाकतो आणि पुढच्या ओळीत विषम. परिणामी पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा आलटून पालटून बसवलेला पट उमटतो. हमदानच्या आसपासच्या खेड्यांची ही खूण आहे आणि एकदा डोळ्यांत भरली की पुन्हा विसरत नाही.

दुसऱ्याची गोष्ट अगदी निराळी निघाली. गाठ हीही सममित, परंतु ताण्याचा प्रत्येक दुसरा धागा पहिल्याच्या पूर्ण मागे गेलेला, रुंदीत ४० आणि उंचीत ४४ गाठी, आणि ओळींमध्ये बाण्याचे अनेक फेरे इतके ठोकून बसवलेले की भिंगाखालीही फट दिसत नाही. हा बिजारचा गालिचा. कुर्दिस्तानातल्या त्या गावात बाणा ओला करून जड अवजाराने ठोकत बसवण्याची रीत होती, आणि त्यामुळे गालिचा फळीसारखा ताठ होतो. दुरुस्तीसाठी आलेल्या रफूगर काकांनी त्याला हात लावताच सांगितले, “ताई, ह्याची घडी कधीही घालू नका. घडी घातलीत तर आतला ताणा तुटतो, आणि तो तुटला की वरून काही कळतसुद्धा नाही.” त्यांनी गालिचा लव बाहेर ठेवून, लवेच्या कलाच्या दिशेने गुंडाळायला लावला आणि गुंडाळताना मध्ये जाड नळी घ्यायला सांगितली. ही सूचना नोंदपत्रातील ‘साठवण’ या रकान्यात तशीच उतरवली आहे.

एकाच नक्षीच्या या दोन गालिच्यांच्या मुळाशी काम करण्याचे दोन संपूर्ण वेगळे मार्ग आहेत. हमदानच्या खेड्यातला विणकर कमी फेऱ्यांत हलका गालिचा उतरवतो, बिजारचा विणकर तेवढ्याच क्षेत्रात दुपटीहून अधिक गाठी आणि कितीतरी जास्त लोकर बसवतो. हे पाहिल्यावर ‘इराणी, निळा, हेराती’ हे वर्णन कोणालाही पुरेसे वाटणार नाही.

९ फेब्रुवारी

इराणी गटाचे काम पुढे चालू. हेरिझच्या गालिच्यांत मधले पदक मोठे आणि कोनाकार, रेषा जाड, लोकर चिवट. तब्रीझचे विणकर गाठ मारताना बोटांऐवजी टोकाला आकडा असलेली सुरी वापरतात, त्यामुळे तेथील कामाचा वेग आणि गाठीचा एकसारखेपणा दोन्ही वाढतात. काशान आणि केरमान येथील कारखान्यांत असममित गाठ, सुती ताणा आणि कागदावर आधी चौकटी आखून रंगवलेला नकाशा. सतराव्या शतकातील केरमानच्या उत्तम गालिच्यांत प्रत्येक ओळीनंतर बाण्याचे तीन फेरे असतात. पहिला आणि तिसरा ताणून सरळ नेलेला, मधला ढिला ठेवून नागमोडी. बाणा जुना होऊन तुटला की पृष्ठभागावर झिजेच्या ज्या विशिष्ट आडव्या रेषा दिसतात, त्या या रचनेमुळेच.

फार्सच्या कशकाई टोळ्यांचे गालिचे मला स्वतःला सर्वांत प्रिय आहेत. आडवा माग जमिनीवर खुंट्यांनी ताणलेला असतो आणि मुक्काम हलवताना तो अर्ध्या विणीसह गुंडाळून नेता येतो. विणणाऱ्या बायकांसमोर नकाशा नसतो, त्यामुळे मोकळ्या जागेत शेळी, पक्षी, फणी असे काहीही अचानक भेटते. काशान आणि फार्स या दोन्ही ठिकाणच्या गालिचे विणण्याच्या परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत एकाच वर्षी नोंदल्या गेल्या, ही गोष्ट मला उचित वाटते. एक शहरी कारखान्याची आणि दुसरी फिरत्या तंबूची. त्यांना एकमेकींच्या खाली-वर लावण्याचे काही कारण नाही.

दरबारी कामाचा मानदंड म्हणून अर्दबीलच्या गालिच्याचे मोजमाप संदर्भासाठी लिहून ठेवले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील हा गालिचा सुमारे साडेदहा मीटर लांब आणि पाच मीटरांहून अधिक रुंद आहे. ताणा-बाणा रेशमाचा, लव लोकरीची, गाठ असममित. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे वर्ष आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. मकसूद हे बहुधा काम करवून घेणारे अधिकारी असावेत. मागावर बसलेल्यांपैकी एकाचेही नाव त्यात नाही.

१३ फेब्रुवारी

तुर्कमेन गालिचे. नोंदवहीत सगळ्यांना ‘बुखारा’ म्हटले आहे. बुखारा ही विक्रीची पेठ होती, विणणाऱ्या टोळ्या निराळ्या: तेक्के, योमुत, सालोर, एर्सारी. प्रत्येकीचा गुल, म्हणजे ओळींत मांडलेली अष्टकोनी पदकासारखी खूण, वेगळा असतो. आजच्या तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावरही असे पाच गुल आहेत. आमच्याकडील एका गालिच्यावर तेक्केचा गुल अगदी अचूक उतरवलेला आहे, पण ताणा सुती निघाला. तुर्कमेन टोळ्यांच्या जुन्या गालिच्यांचा ताणा लोकरीचा असतो, म्हणून हा तुकडा विसाव्या शतकात लाहोर आणि कराची भागात निर्यातीसाठी विणल्या गेलेल्या गालिच्यांपैकी असावा. लोकर चांगली आहे आणि काम स्वच्छ आहे. त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या प्रदेशाखाली केली.

१६ फेब्रुवारी

सुताचा पीळ पाहण्यात वेळ जातो अशी तक्रार आली, म्हणून त्याचे कारण येथे सविस्तर लिहीत आहे.

धागा उभा धरला आणि त्यातील तंतूंचा कल एस या रोमन अक्षराच्या मधल्या भागासारखा दिसला तर तो एस-पीळ, झेडसारखा दिसला तर झेड-पीळ. अनातोलियापासून भारतापर्यंत गालिच्याची लोकर जवळजवळ सर्वत्र झेड दिशेने कातून मग अनेक पदर एस दिशेने वळलेले असतात. इजिप्त हा ठळक अपवाद. तेथे जवसाच्या तंतूंचे सूत हजारो वर्षे एस दिशेने कातले जात होते आणि लोकर हाती आल्यावरही कातणाऱ्यांचा हात त्याच दिशेने चालत राहिला. म्हणूनच कैरोच्या मामलुक, म्हणजे उस्मानी सत्तेच्या आधीच्या राजवटीतील, गालिच्यांतील लोकर एस-पिळाची आणि पदर झेड दिशेने वळलेले आढळतात.

१५१७ मध्ये उस्मानी सत्तेने कैरो जिंकले. पुढे तेथील मागांवर मामलुकांची तारकाकृती भूमिती मागे पडून इस्तंबूलच्या दरबाराला आवडणारी लांब दातेरी पाने, ट्यूलिप आणि कार्नेशन विणली जाऊ लागली. १५८५ मध्ये सुलतान मुराद तिसरा याने कैरोच्या अकरा उस्ताद विणकरांना त्यांच्या रंगवलेल्या लोकरीसह राजधानीत बोलावून घेतल्याची नोंद आहे. फुलांच्या या गालिच्यांकडे समोरून पाहिले तर ते तुर्की दरबाराचे वाटतात. पाठ पाहिली तर असममित गाठ आणि एस-पिळाची लोकर कैरोकडे बोट दाखवतात. नक्षी पूर्ण बदलली, राज्यकर्ते बदलले, परंतु चातीचा फेरा बदलला नाही. या एका उदाहरणासाठी तरी पिळाचा रकाना नोंदपत्रात राहिलाच पाहिजे.

२७ फेब्रुवारी

रंगांचा रकाना. प्रयोगशाळेतील चाचणी मोजक्याच वस्तूंसाठी शक्य आहे, त्यामुळे बाकीच्या वस्तूंबाबत डोळ्यांनी जे निश्चित सांगता येईल तेवढेच लिहायचे. मंजिष्ठ कुळातील वनस्पतींच्या मुळांपासून विटकरी ते गडद लाल, निळीपासून निळा, पिवळ्यावर निळीचा हात देऊन हिरवा, अक्रोडाच्या सालीपासून तपकिरी हे पारंपरिक रंग बहुतेक प्रदेशांत सामायिक आहेत. लोह आणि टॅनिन यांपासून केलेला काळा लोकरीला हळूहळू खातो. जुन्या गालिच्यांत काळ्या बाह्यरेषा खोल गेलेल्या आणि बाकीची नक्षी उठावात आलेली दिसते ती त्यामुळे.

विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि पुढच्या काही दशकांत असे स्वस्त रंग पूर्वेकडील बाजारांत पोहोचले. सुरुवातीच्या रंगांपैकी कित्येक प्रकाशात टिकणारे नव्हते. आज तपासलेल्या एका लहान गालिच्यात किनारीचा पट्टा राखाडी दिसतो, पण लव दुभंगून मूळ पाहिले तर तेथे भडक गुलाबी-जांभळा रंग अजून ताजा आहे. विणणाऱ्या बाईने राखाडी पट्टा विणलाच नव्हता, तो नंतर प्रकाशाने केला. अशा ठिकाणी टोकाचा आणि मुळाचा रंग वेगवेगळा लिहायचा.

एकाच रंगाच्या जमिनीत आडवे फिके-गडद पट्टे दिसतात, त्याला अब्रश म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक खेपेचा रंग किंचित वेगळा उतरतो. नोंदवहीत याला ‘दोष’ म्हटले होते. तो शब्द काढला आहे.

वनस्पतिज रंग परत आणता येतात, हेही नोंदले पाहिजे. तुर्कस्तानात १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘दोबाग’ प्रकल्पात हाराल्ड ब्योमर यांनी जुन्या गालिच्यांतील रंगांचे पृथक्करण करून ते रंगवण्याच्या रीती पश्चिम अनातोलियातील खेड्यांत पुन्हा शिकवल्या, आणि मारमारा विद्यापीठाचे त्याला पाठबळ होते.

१२ मार्च

भारतीय गट. अकबराच्या काळात आग्रा, फतेहपूर आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने होते याचा उल्लेख आईन-ए-अकबरीत येतो. सुरुवातीचे कारागीर आणि नक्षी इराणकडून आल्यामुळे मुघल गालिच्यांना युरोपातील संग्रहांत दीर्घकाळ ‘हेरात’ किंवा ‘इस्फहान’ म्हटले जात असे. त्यांना वेगळे काढण्यास मदत झाली ती पुन्हा साहित्याचीच: अनेक पदरांचा सुती ताणा आणि लाखेपासून काढलेला निळसर झाक असलेला लाल. १६३० च्या दशकात लाहोरला विणलेला आणि लंडनच्या गर्डलर्स कंपनीकडे असलेला गालिचा या दृष्टीने बोलका आहे, कारण त्याच्यावर इंग्रजी कुलचिन्हे असून त्यांच्याभोवतीची फुले आणि खालचा हात लाहोरचा आहे.

दख्खनच्या गालिच्यांची हकीकत आणखी दूर जाते. दख्खनमध्ये विणलेले काही गालिचे डच व्यापाऱ्यांमार्फत जपानला गेले आणि क्योतोच्या गिओन उत्सवातील रथांवर ते पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. भारतात त्या काळचे नमुने फार थोडे उरलेले असताना अभ्यासकांना त्यांच्यासाठी जपानकडे पाहावे लागते.

काश्मीरचा एक गालिचा आणि त्याच्या तालीमचा कागद संग्रहात सुदैवाने एकत्र राहिले आहेत. तालीम म्हणजे नक्षीची सांकेतिक लिपी. अरुंद कागदी पट्टीवर ओळीमागून ओळ चिन्हे लिहिलेली असतात आणि प्रत्येक चिन्ह कोणत्या रंगाच्या किती गाठी हे सांगते. वाचणारा मोठ्याने म्हणतो आणि मागावर बसलेले त्याप्रमाणे गाठी मारत जातात, म्हणजे नक्षी डोळ्यांसमोर नसतानाही हातांतून उतरते. आज गालिच्याच्या तळाकडील काही ओळी तालीमशी ताडून पाहिल्या आणि त्या गाठीगणिक जुळल्या. काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, भदोहीला तो त्याआधी २०१० मध्ये मिळाला होता. तालीमचा कागद गालिच्यापासून कधीही वेगळा ठेवू नये, अशी ठळक सूचना मी नोंदपत्रावर लिहिली आहे.

एकोणिसाव्या शतकात आग्रा, येरवडा आणि इतर काही तुरुंगांत कैद्यांकडून मोठ्या प्रमाणावर गालिचे विणून घेतले जात. इंग्लंडमधील विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनातील अखंड विणलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातलाच. या गालिच्यांची नोंद करताना ‘तुरुंगकाम’ हे स्पष्ट लिहायचे, नुसते ‘आग्रा’ लिहून ते झाकायचे नाही.

सपाट विणीत दऱ्या आणि सतरंज्या येतात. सुती ताणा बाण्याखाली पूर्ण झाकलेला, आणि बाणा लोखंडी पंजाने ठोकलेला. दोन रंग जेथे भेटतात तेथे भिंग लावायचे: दोन्ही बाणे आपापल्या धाग्यावरून परत फिरले असतील तर उभी फट राहते, एकमेकांत अडकवले असतील तर फट राहत नाही. कर्नाटकातील नवलगुंदच्या जमखान्यांवर मोर आणि सोंगट्यांचा पट असतो, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या आहेत. वरंगळच्या दऱ्यांची परंपरा वेगळी आहे, तिची तुलना स्वतंत्र पानावर केली आहे.

१५ मार्च

‘अमेरिकी आदिवासी, नवाहो’ असे लिहिलेला एक सपाट विणीचा तुकडा. करडा, काळा, पांढरा आणि लाल, मध्ये पायऱ्यापायऱ्यांचे समभुज चौकोन. नक्षी नवाहोंचीच आहे यात शंका नाही.

नवाहो विणकर उभ्या मागावर एकच सलग धागा वर-खाली फिरवून ताणा लावतात आणि चारही काठ पूर्ण होईपर्यंत विणतात, त्यामुळे त्यांच्या कामात सहसा दशा निघत नाहीत आणि ताण्याची टोके कापावी लागत नाहीत. बसल्या जागेवरून हात पोहोचेल तेवढा भाग विणून मग पुढे सरकत गेल्यामुळे एकरंगी जागेत तिरप्या बारीक रेषाही दिसतात. या तुकड्यात तशा रेषा नाहीत. वरचा काठ भिंगाखाली पाहिल्यावर ताण्याची कापलेली टोके सुईने परत विणीत दडवलेली सापडली, आणि दोन्ही उभ्या काठांशी ताण्याचे धागे जोडीजोडीने घेतलेले आहेत. ही पायांनी चालवायच्या मागाची रचना आहे, आणि मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, तेओतित्लान देल व्हाये येथील झापोतेक विणकर अशा मागावर नवाहो नक्षीची कामे विणतात. नोंद ‘झापोतेक असण्याची दाट शक्यता, नक्षी नवाहो’ अशी केली.

झापोतेकांची स्वतःची विणकामाची परंपरा जुनी आणि समर्थ आहे. नवाहोंच्या नावाखाली त्यांचे काम ठेवणे हा दोघांवरही अन्याय झाला असता, म्हणून आज या एका तुकड्यावर बराच वेळ घालवला याचे मला समाधान आहे.

३ एप्रिल

प्रदेशाच्या रकान्याची भाषा आज ठरली. रचना, साहित्य आणि रंग तिन्ही एकाच ठिकाणाकडे जात असतील तर नाव सरळ लिहायचे. दोन जात असतील तर ‘बहुधा’ जोडायचे. फक्त नक्षी जुळत असेल तर प्रदेशाचा रकाना कोरा ठेवून नक्षीच्या रकान्यात ‘अमुक धर्तीची’ असे लिहायचे. या नियमाने काही गालिच्यांची जुनी, मानाची नावे गेली आणि त्याबद्दल बैठकीत नाराजी व्यक्त झाली. त्यावर माझे म्हणणे असे की कोरा रकाना पुढच्या अभ्यासकाला पाहायला भाग पाडतो, चुकीचे नाव त्याला पाहू देत नाही.

विणकराच्या नावाचा रकानाही ठेवला आहे. आमच्या संग्रहात तो जवळजवळ सर्वत्र ‘अज्ञात’ राहील, तरीही तो छापला जावा असे सर्वांनी मान्य केले. विक्रेता, देणगीदार आणि पूर्वीचा मालक या तिघांची नावे जुन्या वहीत बिनचूक आहेत, त्यांच्या शेजारी हा शब्द दिसला पाहिजे.

खोरासानचा म्हणून आलेला एक मोठा गालिचा अजून बाकी आहे. मधल्या भागात जुफ्ती गाठ आहे, किनारीत नाही, आणि एका टोकाकडील भाग दुसऱ्याच हाताने पूर्ण केल्यासारखा दिसतो. रफूगर काका तो पुढच्या आठवड्यात टोकाच्या पट्टीपासून पाहणार आहेत. तोपर्यंत त्याची नोंद उघडी ठेवली आहे.

प्रदर्शनासाठी हमदान आणि बिजार यांची जोडी निवडली. दोन्ही गालिचे तिरप्या फळीवर मांडायचे, प्रत्येकाचा एक कोपरा उलटा वळवून त्याखाली आधाराची पट्टी द्यायची आणि शेजारी भिंग बसवायचे. बिजारचा कोपरा दुमडता येणार नाही, म्हणून त्याच्यासाठी फळीत खिडकी कापून खालून आरसा लावण्याची मापे सुताराकडे दिली आहेत.